भाषांतर कंपनीत नोकरी घेऊ का? आतले काम नेमके कसे असते

प्रश्न थोडक्यात असा: मराठीत एम.ए. झाले आहे, इंग्रजी चांगले आहे, जर्मनची बी-१ पातळी झाली आहे आणि पुण्यातल्या एका भाषांतर व लोकलायझेशन (म्हणजे ॲप, वेबसाइट वगैरे स्थानिक भाषेत आणणाऱ्या) कंपनीकडून ऑफर आली आहे. तिथे दिवसभर काय करावे लागते, त्यात पुढे काही आहे का, की एआयमुळे थोड्याच वर्षांत घरी बसायची वेळ येईल?

मी या धंद्यात आधी फ्रीलान्सर होते, मग कंपनीत रिव्ह्यूअर, म्हणजे भाषांतर तपासणारी, झाले आणि आता मराठीची लँग्वेज लीड आहे. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. माझे उत्तर ‘घ्या’ असे आहे, पण ऑफर कोणत्या खुर्चीची आहे ते आधी नीट वाचा.

भाषांतर कंपनी म्हटले की ओळीने बसून भाषांतर करणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. तसे बहुतेक ठिकाणी नसते. प्रत्यक्ष भाषांतराचा मोठा भाग बाहेरचे फ्रीलान्सर करतात. आत बसतात ते प्रोजेक्ट मॅनेजर (पीएम), फ्रीलान्सर शोधणारे व्हेंडर मॅनेजर, फाइली तयार करणारे इंजिनियर, पानांची मांडणी करणारे डीटीपीवाले, सेल्सवाले आणि प्रत्येक भाषेचे एक-दोन रिव्ह्यूअर. ‘लँग्वेज एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘लँग्वेज कोऑर्डिनेटर’ अशा पदांत यातले काहीही असू शकते. मराठीची आवड म्हणून गेलेल्या कितीतरी मुलींना दिवसभर ईमेल आणि एक्सेल यांतच बसावे लागल्याचे मी पाहिले आहे. त्यातल्या काही जणी उत्तम पीएम झाल्या आणि काही वर्षभरात सोडून गेल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमची कंपनी साखळीत कुठे उभी आहे. समजा अमेरिकेतल्या एका ॲपला तीस भाषा हव्या आहेत. ते काम एका मोठ्या बहुभाषी एजन्सीला जाते. ती एजन्सी भारतीय भाषांचा गठ्ठा पुण्या-बंगळुरूच्या किंवा नोएडाच्या कंपनीला देते आणि ती कंपनी मराठीची फाइल छत्रपती संभाजीनगरच्या किंवा चिपळूणच्या फ्रीलान्सरला पाठवते. प्रत्येक पायरीवर पैसे कमी होतात, हे सगळ्यांना दिसते. पण माहितीही कमी होते, आणि खरा त्रास तिचा असतो. ॲपच्या डिझायनरला जे माहीत असते ते चौथ्या पायरीवर पोहोचतच नाही. फ्रीलान्सरने शंका विचारली तर ती तीन इनबॉक्समधून वर जाणार, उत्तर त्याच वाटेने खाली येणार आणि डेडलाइन उद्या सकाळची. म्हणून या धंद्यात चांगला माणूस कोण, तर कोणती शंका वर पाठवायची आणि कोणती स्वतःच सोडवायची हे ज्याला कळते तो. भाषा चांगली असणे हे गृहीतच धरलेले असते.

आता रोजच्या कामाकडे वळू. पहिल्या आठवड्यात तुमची गाठ कॅट टूलशी, म्हणजे भाषांतरकाराला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरशी, पडेल. ट्रॅडॉस, मेमोक्यू, फ्रेज, एक्सटीएम यांपैकी काहीतरी असेलच. ओमेगाटी फुकट आहे, तेव्हा रुजू व्हायच्या आधी घरी त्यावर हात बसवून घ्या. ही टूल्स स्वतः भाषांतर करत नाहीत. मजकुराचे वाक्यावाक्याने तुकडे पाडायचे आणि आधी केलेली भाषांतरे ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘टीएम’मध्ये, साठवून ठेवायची हे त्यांचे काम. नवे वाक्य जुन्याशी किती जुळते त्याची टक्केवारी टूल दाखवते आणि पैसे त्या टक्केवारीवर ठरतात.

एक नमुन्याचा हिशेब करून पाहू. फाइल १०,००० शब्दांची आहे. त्यात ३,००० शब्द पुनरावृत्तीचे, २,००० शब्द शंभर टक्के जुळणारे, २,००० अर्धवट जुळणारे म्हणजे ‘फझी’, आणि ३,००० नवे. पुनरावृत्तीला आणि पूर्ण मॅचला दराच्या २० टक्के, फझीला ६० टक्के आणि नव्याला पूर्ण दर धरला, तर ६०० अधिक ४०० अधिक १,२०० अधिक ३,००० असे ५,२०० ‘वेटेड’ शब्द होतात. बिल ५,२०० शब्दांचे होते आणि वेळही तेवढ्याच शब्दांचा मिळतो. भाषांतराचा दिवसाचा सर्वमान्य वेग दोन ते अडीच हजार शब्द आहे, म्हणजे हे काम दोन-अडीच दिवसांत बसले पाहिजे असे पीएमचे गणित सांगते. वाचायचे मात्र दहाही हजार असतात.

यातली खरी मेख फझी मॅचमध्ये आहे. टक्केवारी अक्षरे आणि शब्द मोजते, अर्थ मोजत नाही. वीस शब्दांच्या सूचनेत ‘जेवणाआधी’चे ‘जेवणानंतर’ झाले तरी मॅच नव्वदच्या पुढेच दिसते. रिव्ह्यू करताना मी नव्या वाक्यांपेक्षा ९५ टक्क्यांच्या पुढचे मॅच जास्त बारकाईने पाहते. नवे वाक्य लिहिताना माणूस जागा असतो. हिरव्या रंगात आयते भरून आलेले वाक्य तो ‘कन्फर्म’ करून पुढे जातो. जुन्या टीएममध्ये एखादी घोडचूक शिरली की तीही वर्षानुवर्षे शंभर टक्के मॅच म्हणून परत येत राहते. शिवाय ‘पूर्ण मॅचला हात लावू नका, त्याचे पैसे नाहीत’ अशी काही क्लायंटची सूचना असते. अशा वेळी दुरुस्त करत बसू नका. यादी करा आणि पीएमला पाठवा.

सॉफ्टवेअरचे काम म्हणजे स्ट्रिंग्ज, स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुराचे सुटे तुकडे. एक्सेलच्या शेकडो ओळी येतात. कुठे एक शब्द, कुठे अर्धे वाक्य, संदर्भ काही नाही. ‘ओपन’ हे बटण आहे की स्थिती, हे कोणी सांगत नाही. स्क्रीनशॉट मागा. मिळाले नाहीत तर स्ट्रिंगचा आयडी वाचा, त्यात डेव्हलपरने बटण, शीर्षक, एरर असे काहीतरी लिहिलेले सापडते. पण मराठीचा खरा कस लागतो तो प्लेसहोल्डरपाशी, म्हणजे जिथे नाव, शहर किंवा आकडा नंतर आपोआप भरला जाणार असतो तिथे. इंग्रजीत कोणाचेही नाव कोणत्याही वाक्यात घुसवता येते. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी नामाचे सामान्यरूप होते. शहराच्या जागी ‘पुणे’ आले की ‘पुणेमध्ये’ असे विद्रूप काहीतरी स्क्रीनवर येते. म्हणून आपण ‘येथे’ वापरतो: ‘पुणे येथे’, ‘सातारा येथे’, कुठेच अडत नाही. माणसाच्या नावानंतर ‘यांनी’, ‘यांना’ लावले की सामान्यरूपही टळते आणि आदरही राखला जातो. सरकारी पत्रांतली ही जुनी लकब ॲपच्या कामात फार उपयोगी पडते. ‘अमुक ग्रुपमध्ये सामील झाला’ इथे झाला, झाली की झाले हे ठरवताच येत नाही, मग वाक्यच मोडून ‘नवीन सदस्य: अमुक’ असे करायचे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ असेल तर आपली भाषाच मदतीला येते. ‘यांनी फोटो पाठवला’ यात पाठवणारा पुरुष की बाई हा प्रश्नच उरत नाही.

अनेकवचनाचेही तसेच. ‘१ दिवस, ५ दिवस’ चालून जाते, पण ‘१ फाइल, ५ फायली’ आणि ‘१ महिना, ५ महिने’ यांना दोन वेगळी रूपे लागतात. डेव्हलपरने इंग्रजी शब्दाला शेवटी एक अक्षर जोडून अनेकवचन केले असेल, तर भाषांतरकार काहीही करू शकत नाही. तो दोष कोडमध्ये दुरुस्त व्हावा लागतो, आणि तो तसा व्हायला हवा हे तुम्हाला इंजिनियरला पटवून द्यावे लागते. हे संभाषण ज्याला जमते त्याला कंपनी जाऊ देत नाही.

डीटीपीबद्दल थोडेच. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर चालू केलेला नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. अजूनही काही छापखान्यांचे क्लायंट युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये फाइल मागतात, आणि तसे रूपांतर केले की ‘ऱ्या’सारखी अक्षरे हमखास मोडतात. लहान फोनवर बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवलेली असते, मग रफार वरून कापला जातो आणि उकार खालून. डीटीपी करणाऱ्याला मराठी येत नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून शेवटची पीडीएफ मराठी वाचणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय जाऊ देऊ नये.

आता रिव्ह्यू, कारण बहुधा तुम्ही इथेच पोहोचाल. आयएसओ १७१०० हे २०१५ चे मानक सांगते की भाषांतर दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून तपासलेच पाहिजे. कंपनीच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र लावलेले दिसेल. काम घाईचे आणि स्वस्तातले असले की आधी कात्री लागते ती याच तपासणीला, हेही दिसेल.

तपासणीत गुण असतात. चूक कोणत्या प्रकारची (अर्थ, परिभाषा, व्याकरण, शैली) आणि किती तीव्र ते लिहायचे. किरकोळ चुकीला १, मोठीला ५, गंभीर चुकीला त्याहून बरेच जास्त दंडगुण, आणि हजार शब्दांमागे बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की काम नापास. हे ऐकायला शास्त्रीय वाटते. भांडण होते ते ‘चूक’ आणि ‘आवड’ यांच्या सीमेवर. ‘जतन करा’ की ‘सेव्ह करा’? ‘केले’ की ‘केलं’? अंक देवनागरी की इंग्रजी? यातले स्वतःहून काहीच चूक नाही. स्टाइल गाइड, म्हणजे त्या कामासाठी ठरवलेली लेखनाची नियमावली, काय म्हणते ते महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टची मराठीसाठीची स्टाइल गाइड सर्वांना उघडी आहे, ती वाचूनच मुलाखतीला जा. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये जोडलेले ४, असे १८ नियम हाताशी ठेवा. रिव्ह्यूअरशी वाद घालताना ‘मला असे वाटते’ याला किंमत नाही, नियमाच्या क्रमांकाला आहे. एकाच स्क्रीनवर ‘केले’ आणि ‘केलं’ दोन्ही दिसले तर मात्र कोणताही नियम वाचवत नाही.

कधी कधी क्लायंटकडे मराठी जाणणारा एखादा सेल्स मॅनेजर असतो आणि त्याला फाइल ‘जरा बघायला’ दिली जाते. तो अर्धा मजकूर लाल करून परत पाठवतो. भाषांतरकार दुखावतो, पीएम घाबरतो. तिथे लीडचे काम एवढेच: प्रत्येक लाल खुणेपुढे ‘मान्य’, ‘आवडीचा प्रश्न, हरकत नाही’ किंवा ‘अमान्य, कारण असे’ हे शांतपणे लिहायचे. विक्री करणाऱ्या माणसाला ग्राहक कोणता शब्द वापरतात हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असू शकते. मी त्याच्या बऱ्याच सूचना ठेवते. मात्र हिंदी मजकूर समोर ठेवून त्यावरून केलेली मराठी कोणी खपवू पाहिली तर ठेवत नाही. स्वस्तात काम उरकायची ही वाट अजून चालू आहे आणि ती दुसऱ्याच वाक्यात ओळखू येते.

मला या धंद्यात सर्वांत आवडणारे काम नव्या औषधांच्या वैद्यकीय चाचण्यांचे आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ यांनुसार चाचणीत भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची लेखी संमती घ्यावी लागते. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांत चाचणी असली की मराठी संमतीपत्र येतेच. कितीतरी पानांचे, वकिलांनी लिहिलेले इंग्रजी कोल्हापूरजवळच्या एखाद्या शेतकऱ्याला कळेल असे करायचे, आणि त्यातली एकही कायदेशीर अट गाळायची नाही. वर बॅक ट्रान्सलेशन: दुसरा भाषांतरकार मूळ न पाहता तुमचे मराठी परत इंग्रजीत आणतो आणि क्लायंट दोन्ही इंग्रजी ताडून पाहतो. याचा विचित्र परिणाम असा होतो की नवखे लोक मुद्दाम शब्दाला शब्द ठेवून ताठर मराठी लिहितात, कारण मग परतीचे इंग्रजी मुळासारखे येते आणि कोणी काही विचारत नाही. सगळे खूश, फक्त रुग्णाला काही कळत नाही. मी टीममध्ये उलट सांगते: सोपे लिहा, आणि फरक कुठे व का पडला त्याचा खुलासा क्लायंटला द्या.

रुग्णांना विचारायच्या प्रश्नावल्यांची पद्धत आणखी काटेकोर असते. दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांतून एक मेळ, बॅक ट्रान्सलेशन आणि मग साधारण पाच ते आठ माणसांना ती प्रश्नावली देऊन ‘या प्रश्नाचा अर्थ तुम्ही काय समजलात’ असे विचारणे. एसएफ-३६ ही जगभर वापरली जाणारी, प्रकृतीविषयीची प्रश्नावली घ्या. तिच्यात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल हलवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग किंवा गोल्फ खेळणे अशी कामे दिली आहेत. मंगळवेढ्याच्या बाईंना गोल्फचे काय? त्याजागी घर झाडणे-पुसणे सुचवता येते, पण ते तेवढ्याच श्रमाचे आहे का हे दाखवावे लागते आणि प्रश्नावलीच्या हक्कधारकांची परवानगी लागते. कारण बदललेला प्रश्न वेगळे मोजू लागला तर इतर देशांतल्या उत्तरांशी त्याची तुलनाच होणार नाही. एका ओळीवर अर्धा दिवस जातो, आणि इथे त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मिळतात.

पीएमच्या खुर्चीबद्दल. तुमची संध्याकाळ ही अमेरिकेची सकाळ असते. साडेसहाला ‘छोटीशीच फाइल आहे’ अशी मेल येते. फ्रीलान्सर फोन उचलत नाही, कारण तो माणूस आहे. गणपतीत आणि दिवाळीत तर मराठीचे सगळेच एकदम गायब होतात, आणि क्लायंटच्या कॅलेंडरवर त्या सुट्ट्या नसतात. ज्याला डोके शांत ठेवून नकार देता येतो त्याने हे काम घ्यावे. बढती इथे लवकर मिळते, हेही खरे.

पैशाचे स्पष्ट सांगते. इंग्रजी–मराठी जोडीला पगार सुरुवातीला बेताचाच असतो. पुण्यात जपानी भाषा परीक्षेच्या एन-२ किंवा एन-१ या वरच्या पातळ्या झालेल्यांना, आणि चाकणच्या वाहन कारखान्यांमुळे तांत्रिक जर्मन येणाऱ्यांना, वेगळाच भाव आहे. तेव्हा जर्मन बी-१ वर सोडू नका. बी-२ होईपर्यंत त्याचे पैसे मिळत नाहीत आणि सी-१ नंतर चांगले मिळतात. फ्रीलान्स मराठीसाठी देशी कंपन्यांकडून मी बहुतेक वेळा शब्दामागे एक ते दोन रुपयांच्या दरम्यानचे दर पाहिले आहेत. परदेशी एजन्सी जास्त देतात, पण महिना-दीड महिन्याने, कधी त्याहून उशिरा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा: अशा उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्यानुसार करार काहीही असला तरी देशातल्या खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागते. त्या व्याजासाठी कोणी कोर्टात जात नाही, पण मेलमध्ये नोंदणी क्रमांक लिहिला की अकाउंट्स विभाग जागा होतो. काम देण्याआधी मागितलेली फुकट टेस्ट अडीचशे-तीनशे शब्दांपर्यंत ठीक. त्यापुढे गेली की समजावे, कोणाचे तरी मोठे काम तुकड्या-तुकड्यांत वाटून फुकटात उरकले जात आहे.

आणि एआय. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली तेव्हा आम्ही तिचे नमुने एकमेकांना पाठवून हसत होतो. २०१७ मध्ये न्यूरल पद्धत आली आणि हसणे थांबले. आता कामाचा मोठा भाग पोस्ट-एडिटिंगचा आहे: मशीनचे भाषांतर दुरुस्त करायचे, दर निम्मा किंवा त्याहून कमी, दिवसाची अपेक्षा दुप्पट. पूर्वीचे मशीन वाकडे बोलायचे म्हणून चूक दिसायची. आताचे सफाईने बोलते आणि मधला एक नकार किंवा एक अट गाळून टाकते. सलग चार तास असे वाचल्यावर डोळे वाक्यावरून घसरू लागतात. त्यामुळे दर ठरवताना शब्द नव्हे, तास मोजा. हेल्पडेस्कचे लेख, उत्पादनांची वर्णने असे काम मशीनकडे गेले आहे आणि ते परत येणार नाही. केवळ अशा कामावर करिअर उभे राहणार नाही, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. टिकून आहे ते चुकले तर कोणीतरी जबाबदार धरले जाईल असे काम: औषधे, कायदा, विमा, आणि ब्रँडचा सूर सांभाळावा लागणाऱ्या जाहिराती. नवे आले आहे ते भाषा-मॉडेलांची मराठी उत्तरे तपासणे, त्यांना क्रम लावणे, मराठीत नमुना उत्तरे लिहिणे. याच कंपन्या आता ते ‘डेटा सर्व्हिसेस’ नावाने विकतात. क्लायंटचा गोपनीय मजकूर स्वतःच्या सोयीसाठी एखाद्या फुकट चॅटबॉटमध्ये टाकला तर नोकरी जाते, हे मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

ऑफर स्वीकारण्याआधी चार गोष्टी विचारा. माझ्या वेळेपैकी किती वेळ भाषेवर आणि किती समन्वयावर जाईल? माझे काम कोण तपासणार, आणि तो मराठीचाच माणूस आहे का? कामात वैद्यकीय, कायदेशीर यांचा वाटा किती? आणि बाँड आहे का? ‘तुम्हाला टूल शिकवतो’ म्हणून दोन वर्षांचा बाँड मागत असतील तर सही करू नका. ती टूल्स शिकायला दोन-तीन आठवडे पुरतात.